समुद्रतळीं कुंभक वर्ज्य

समुद्रास रत्नाकर म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे पुरातन आहे; परंतु तीं रत्नें पाहण्यासाठीं स्वतःच समुद्रांत उतरावें, हा विचार आपल्या पांढरपेशा कुटुंबांत अगदीं अलीकडचा. हल्लीं सुट्टी लागली कीं घरांतील तरुण मंडळी मालवणास जाऊन 'स्कूबा'ची बुडी घेण्याचा बेत मांडतात, आणि 'समुद्राशीं खेळ नको' म्हणून वडीलधारीं माणसें तो मोडून काढतात. भीति बाळगणें गैर नाहीं. मात्र ती योग्य गोष्टीची असावी. या साहसांत पाण्यापेक्षां हवेचेंच भान अधिक ठेवावें लागतें, हें वाचकांच्या नजरेस आणून देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हें श्वसनयंत्र १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं सिद्ध केलें. पाठीवरील टाकींत निव्वळ प्राणवायु असतो, ही समजूत चुकीची आहे. तींत सामान्यतः आपली नेहमींचीच हवा दाबून भरलेली असते. यंत्राची खुबी अशी कीं, भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल, तितक्याच दाबाची हवा तें तोंडांत सोडतें. समुद्रांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर पृष्ठभागाच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट.

आतां शाळेंत शिकलेला बॉइलचा नियम आठवावा. दाब निम्मा झाला कीं हवेचें आकारमान दुप्पट होतें. १० मीटरवर छाती भरून श्वास घेतला आणि तो कोंडून कोणी वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागूं लागेल. फुप्फुसाला तितकें ताणणें शक्य नसल्यामुळें तें फाटतें, आणि हवेचे बुडबुडे रक्तांत शिरून मेंदूपर्यंत पोंचूं शकतात. प्राणायाम करणाऱ्यास पूरक, कुंभक व रेचक हे शब्द समजावून सांगावयास नकोत. त्यांपैकीं कुंभक समुद्रतळीं सर्वथा वर्ज्य! श्वास संथ असावा, परंतु क्षणभरहि कोंडूं नये.

'मालवणास पाणी उथळ, मग भय कसलें?' असाहि प्रश्न येतो. ३० मीटरवरून २० मीटरवर येतांना हवा एकतृतीयांशानेंच फुगते. उलट १० मीटरवरून पृष्ठभागावर येतांना ती दुप्पट होते. अर्थात् शेवटचे थोडे मीटरच अधिक जपण्याचे. घाबरून एकदम वर उसळी घेणें हीच मोठी चूक होय. कानाचेंहि असेंच आहे. उतरतांना नाक चिमटींत धरून हलकेच फुंकर मारावी म्हणजे कानाचा दडा सुटतो. पडशानें नाक चोंदलें असेल, तर त्या दिवशीं बुडीचा बेत रहित करावा.

इतकें करून तेथें काय दिसतें? अंगठींत बसविण्याचें तांबडें पोवळें बहुधा भूमध्य समुद्रांतून येतें. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचीं प्रवाळें त्याहून वेगळीं. तीं दगड नव्हत, झाडेंहि नव्हत. ते सूक्ष्म जीवांचे संसार होत. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास देतें. पाणी फार तापलें कीं हा सहवास मोडतो, प्रवाळ पांढरें पडतें आणि ताप टिकला तर मरतें. मालवणच्या या समुद्रास १९८७ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. प्रवाळास हात लावूं नये, त्यावर पाय देऊं नये. तोडून आणणें तर कायद्यानेंहि गुन्हाच आहे. चित्रपटांतील निळेंशार पाणी मात्र येथें नेहमींच दिसेल, अशी अपेक्षा धरूं नये.

प्रवासाची आखणी दिवाळीपासून होळीपर्यंतच्या काळांत करावी. पावसाळ्यांत हा उद्योग बंदच असतो. कोंकण रेल्वेनें कुडाळ किंवा कणकवलीस उतरून मोटारीनें मालवण गांठतां येतें. तीन दिवस हाताशीं ठेवावे: पहिल्या दिवशीं विश्रांति व किल्लादर्शन, दुसऱ्या दिवशीं सकाळीं हलका फराळ करून बुडी, तिसऱ्या दिवशीं परतणें. हा तिसरा दिवस चैनीचा नव्हे. दाबाखालीं श्वास घेतल्यानें नत्रवायु रक्तांत मुरतो, आणि दाब लवकर कमी झाल्यास सोडावॉटरच्या बाटलीप्रमाणें बुडबुडे उठूं शकतात. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास व अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानांत बसूं नये, असा दंडक आहे. उथळ बुडींत हा धोका थोडा. तथापि आंबोलीचा घाट सुमारें ७०० मीटर उंच असल्यानें घाटावर जाणाऱ्यांनींहि रात्र मालवणांतच काढावी, हें श्रेयस्कर.

दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा कानाच्या पडद्याचें दुखणें असणाऱ्यांनीं डॉक्टरांच्या संमतीवांचून उतरूं नये. गर्भवती स्त्रियांनीं तर मुळींच नाहीं. दहा वर्षांखालील मुलांना किनाऱ्यावरच ठेवावें. ज्यास पुढें शिक्षण घ्यावयाचें असेल, त्याच्यासाठीं राज्याच्या पर्यटन महामंडळानें तारकर्ली येथें संस्था उभारली आहे. प्राथमिक शिक्षणक्रमानें १८ मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता येते.

होडीचा प्रवास हाहि बुडीचाच भाग समजावा. मे २०२२ मध्यें तारकर्लीनजीक बुडी आटोपून परतणारी होडी उलटून दोन प्रवाशांचे प्राण गेले.

तेव्हां वडीलधाऱ्यांनीं सरसकट नकार देण्याऐवजीं मुलांना चार प्रश्न विचारावे. पाण्याखालीं प्रत्येकामागें स्वतंत्र शिक्षक आहे काय? प्रकृतीविषयीं लेखी विचारणा होते काय? होडींत प्रत्येकास तरंगजाकीट मिळतें काय? आणि उतरण्यापूर्वीं उथळ पाण्यांत श्वासाचा व खुणांचा सराव करून घेतात काय? वर केलेला आंगठा म्हणजे पाण्याखालीं 'छान' नव्हे, तर 'मला वर जावयाचें आहे'; एवढेंहि ठाऊक नसेल तर घोटाळा व्हावयाचाच. चारहि उत्तरें समाधानकारक आलीं, तर परवानगी अवश्य द्यावी. एखाद्या प्रश्नास शिक्षकानें हंसून बगल दिली, तर पैसे गेले तरी चालतील, पण मुलांनीं तेथूनच माघारी फिरावें, असें त्यांस निघण्यापूर्वींच बजावून ठेवावें.