परदेशी जाताना (लेखांक ५) : आंब्याची पट्टी आणि व्हिसाचा अर्ज

पासपोर्टचं काम गेल्या आठवड्यात उरकलं. आता पैसे, व्हिसा आणि तिकीट. मिठबावातलं एखादं बागायतदार जोडपं जर्मनीतल्या लेकीकडे मुक्कामाला निघालंय, असं धरू.

‘चांगले चार-पाच महिने राहा’ असा लेकीचा आग्रह असतो. तो मोडावा लागेल. शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यातच धरतात. १ ऑक्टोबरला उतरलात तर २९ डिसेंबर हा शेवटचा दिवस. मधे आठवडाभर फ्रान्सला जाऊन आलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, तोही शेंगेनच.

खरी अडचण पैशांची, आणि तीही पैसे नसण्याची नव्हे. ‘खात्यात पैसे दाखवूचे लागतत’ असं गावात म्हणतात, ते अर्धंच खरं. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार दिसतो. हापूसवाल्याचं वर्षाचं उत्पन्न मार्च ते जून एवढ्यात जमा होतं, आणि फेब्रुवारीत, फवारणी, राखण, मजुरी भागवून, खातं तळाला गेलेलं असतं. व्हिसासाठी सहसा मागचे तीन ते सहा महिन्यांचे बँकेचे उतारे लागतात. फेब्रुवारीतला उतारा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हा माणूस गरीब वाटेल, जुलैत तोच माणूस सधन दिसेल. म्हणून अर्ज जुलैत करावा आणि गणपती विसर्जन करून निघावं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, त्यामुळे हे सहज बसतं.

खातं भरलेलं दिसावं म्हणून भावोजींकडून दोन लाख आणून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. अर्जाच्या तोंडावर एकदम आलेली रक्कमच आधी नजरेत भरते. त्यापेक्षा दलालाच्या पट्ट्या जपून ठेवा, रक्कम खात्यातच घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून अनेकजण विवरणपत्र भरत नाहीत. भरलं तर दाखवायला कागद होतो. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. उतारा सामाईक असेल तर आपला हिस्सा पत्रात स्पष्ट लिहा. आणि थंडीत मोहोर येतो, त्या वेळी बागेत हजर राहावंच लागतं, हेही लिहा. परत येण्याचं याहून सबळ कारण नोकरदाराकडेही नसतं.

लेक खर्च उचलणार असेल तर तिने आपल्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून रीतसर हमीपत्र काढावं. नुसतं निमंत्रणाचं पत्र म्हणजे हमी नव्हे.

तिकिटाचं आरक्षण दाखवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं तिकीट घेऊ नका. प्रौढाची व्हिसा फी ९० युरो. नकार आला तरी ती परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं तर कणकवलीहून गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. विसर्जनानंतरच्या आठवड्यातली तारीख मात्र घेऊच नका. चाकरमानी परतत असतात, जागा मिळणार नाही.

परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात. बाकीचं फॉरेक्स कार्डात भरा. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या.

दोघांपैकी कुणी निवृत्तिवेतन घेत असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तेव्हा तुम्ही जर्मनीत असाल. त्याची सोय निघण्याआधीच बँकेत विचारून घ्या.