टायरचा माणूस पांढरा कसा?

टायरच्या दुकानाच्या पाटीवर एक जाडजूड, पांढराशुभ्र, हसरा गडी तुम्ही कधी पाहिलाय का? अंगावर नुसत्या वळ्याच वळ्या, गुटगुटीत बाळाच्या हातापायांसारख्या. एक हात वर करून तो आपल्याला रामराम घालत असतो. हा मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीचा बिबेंडम. वय सव्वाशेच्या पुढे! त्याच्या अंगावरच्या वळ्या म्हणजे एकावर एक रचलेले टायर आहेत.

पण थांबा. टायर तर काळे असतात. मग हा पांढरा कसा?

मोठ्यांना विचारलंत तर ‘उठून दिसावा म्हणून’ असं सांगून ती मोकळी होतील. खरं उत्तर हवं असेल, तर १८९४ सालात जायला हवं. फ्रान्समधल्या लियों शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांच्या कंपनीनेही तिथे आपला माल मांडला होता. दाराशी टायरांची एक चळत उभी होती, खाली मोठे, वर लहान. ती पाहून एदुआर भावाला म्हणाला, की याला हात लावले तर अगदी माणूस होईल!

आंद्रेने ही गोष्ट मनात ठेवली. पुढे ओगालो नावाच्या चित्रकाराने त्याला एक नापसंत झालेलं चित्र दाखवलं. ते एका बिअर कंपनीसाठी काढलेलं होतं. एक भला दांडगा माणूस हातात प्याला घेऊन उभा होता. आंद्रेला टायरांची चळत आठवली. त्याने माणसाच्या जागी टायरचा माणूस काढायला सांगितला आणि १८९८ मध्ये बिबेंडमचं पहिलं भित्तिपत्रक तयार झालं. त्यात तो मेजवानीच्या टेबलाशी उभा आहे. हातातल्या प्याल्यात काय असेल? खिळे आणि काचांचे तुकडे! आमचा टायर वाटेतले अडथळे पिऊन टाकतो, असं कंपनीला सांगायचं होतं. शेजारी दोन दुसरे टायरवाले हवा जाऊन मलूल बसलेत. बिबेंडम हे नावही ‘पिणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलं. (पालकांनी भुवया उंचावू नयेत. याच ओगालोने पुढे दारूच्या दुष्परिणामांवर चलच्चित्रंही काढली.)

आता रंगाचं बघू. रबर हा झाडाचा चीक. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. तिकडे कधी गेलात तर बघा, सालीला खाच पाडली की वाटीत टपटप पडणारा चीक दुधासारखा पांढरा असतो. त्यात काळं काही मिसळलं नाही, तर रबर फिकटच राहणार. म्हणून सुरुवातीचे टायरही फिकट, पांढरट रंगाचे असत. ओगालोने डोळ्यांसमोर जे होतं तेच रंगवलं.

मग टायर काळे कोणी केले? काजळीने! दिव्याच्या ज्योतीवर बशी धरली की तिच्यावर काळी पूड जमते ना, तसलीच बारीक पूड कारखान्यात तेल किंवा वायू अर्धवट जाळून बनवतात. ती रबरात मिसळली की रबर चिवट होतं, लवकर झिजत नाही आणि उन्हाने तडकायचंही कमी होतं. १९१० नंतरच्या काही वर्षांत टायरवाल्यांना या काजळीचं महत्त्व पटलं आणि बघता बघता रस्त्यावरचे टायर काळेभोर झाले. बिबेंडम मात्र पांढराच राहिला. तोवर लोक त्याला चांगलेच ओळखू लागले होते.

बाकी सगळं बदललं. जुन्या चित्रांत त्याच्या अंगावर बारीक बारीक खूप वळ्या दिसतात, कारण सायकलींचे आणि पहिल्या मोटारींचे टायर अरुंद असत. पुढे मोटारींचे टायर रुंद झाले, तशा त्याच्या वळ्या कमी आणि जाड झाल्या. सुरुवातीला नाकावर चिमट्याचा चष्मा, तोंडात सिगार, असा त्याचा थाट होता. तेव्हा मोटार फक्त श्रीमंतांकडे असे. बिबेंडमही तसलाच शेठजी! मला तर ती जुनी चित्रं थोडी भीतिदायकच वाटतात. पुढे मोटार साध्या माणसांच्या घरी आली. पोराबाळांना मागे बसवून सहलीला निघणाऱ्यांना शेठजी काय कामाचा? सिगार गेला, चष्मा गेला, खिळ्यांचा प्यालाही गेला. डोळे मोठे झाले, तोंडावर हसू आलं. माणसं वयाबरोबर म्हातारी होतात. हा पठ्ठ्या उलटा, दर पिढीत तरुण होत गेला. १९९८ मध्ये शंभरी भरली, तेव्हा कंपनीने त्याला चक्क सडपातळ केलं. २०१७ मध्ये त्याच्या अंगावरच्या छटा काढून सपाट, साध्या रेषांचं चित्र केलं. मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर नखाएवढ्या जागेतही तो ओळखू यायला हवा ना!

मूळ बिबेंडमचा थाट बघायचा असेल, तर लंडनला जायला हवं. तिथे फुलहॅम रोडवर कंपनीची १९११ सालची इमारत आहे. तिच्या खिडक्यांत रंगीत काचांचा भलामोठा बिबेंडम होता. एका खिडकीत तो प्याला उंचावतोय, एकीत लाथ उगारून तळपाय दाखवतोय आणि एकीत सायकलवर स्वार झालाय. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांची भीती होती, म्हणून या काचा काढून दूर सुरक्षित ठेवल्या. युद्ध संपलं, पण काचा काही सापडल्या नाहीत! १९८० च्या दशकात इमारतीची डागडुजी झाली, तेव्हा जुन्या चित्रांवरून तशाच नव्या काचा करून बसवल्या. तिथे बिबेंडमच्या हातात अजून प्याला आहे.