टपालवाले झाले प्रिन्स! पावणेचारशे वर्षांची घोडदौड

माहीत आहे का? युरोपात एक खानदान होऊन गेलं, ज्यानं पिढ्यान् पिढ्या एकच धंदा केला: इथलं पत्र तिथं पोचवायचं. धंदा सुरू झाला १४९०च्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे नगरची निजामशाही उभी राहत होती तेव्हा. बंद झाला १८६७ मध्ये, तोवर बोरीबंदर–ठाणे रेल्वेला १४ वर्षं होऊन गेली होती. आहे की नाही लंबी रेस का घोडा?

खानदानाचं नाव टुर्न उंड टॅक्सिस. मूळ आडनाव तास्सो, मूळ गाव इटलीत बेर्गामोजवळच्या डोंगरातलं कोर्नेल्लो. गंमत बघा, ज्यांनी युरोपला वेळेवर पोचायची सवय लावली, त्यांच्या गावात आजही मोटार जात नाही! गाडी खाली लावायची आणि पायी वर जायचं. वर टपालाचं म्युझियम आहे.

आता करारातली अट ऐका. १५०५ मध्ये याच खानदानातल्या फ्रान्झ फॉन टॅक्सिसनं राजा फिलिपशी लेखी करार केला. ब्रसेल्सहून आल्प्समधल्या इन्सब्रुकला टपाल पोचवायचं उन्हाळ्यात साडेपाच दिवसांत, हिवाळ्यात साडेसहा. पॅरिसला उन्हाळ्यात ४४ तास. ११ वर्षांनी करार नवा झाला आणि पॅरिसची मुदत आली ३६ तासांवर! ना हायवे, ना हेडलाइट. एक्सप्रेस डिलिव्हरी आपल्याच पिढीनं शोधली असं वाटणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

सिक्रेट काय? घोडा दमतो, पत्र दमत नाही! वाटेत ठरावीक अंतरावर चौक्या, प्रत्येक चौकीवर ताजा घोडा. स्वार लांबूनच शिंग फुंकायचा, की इकडे खोगीर चढायला सुरुवात. शिंग ऐकून रात्री शहराचे दरवाजेसुद्धा उघडायचे.

आणि टंगळमंगळ केली तर? सोय होती ना! टपालाच्या थैलीबरोबर एक कागद फिरायचा. थैली हातात आली की चौकीवाल्यानं त्यावर दिवस आणि तास लिहायचा, मगच पुढे रवाना. घोडं नेमकं कुठं अडलं, कोणाच्या टप्प्यात तास गळाले, सगळं काळ्यावर पांढरं... सॉरी, पांढऱ्यावर काळं! पार्सल ट्रॅकिंग, तेही शाईत. खरं सांगायचं तर या खानदानाचं सगळ्यात भारी हत्यार घोडा नव्हे, हा कागदच.

फ्रान्झसाहेब पब्लिसिटीतही पुढेच. ब्रसेल्सच्या एका चर्चच्या आख्यायिकेवर त्यांनी भिंतीवरचे विणलेले पडदे करवून घेतले. त्यात राजेरजवाड्यांच्या घोळक्यात कोण दिसतं? स्वतः फ्रान्झ! स्पॉन्सर म्हटलं की फोटो आलाच.

माहीत आहे का? या ‘पुरुषी’ धंद्याची सूत्रं १८ वर्षं एका बाईच्या हातात होती. १६२८ मध्ये आलेक्सांड्रीनचा नवरा वारला, मुलगा लहान. युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं, रस्त्यांवर फौजा. बाईंनी १६४६ पर्यंत टपाल चालवून मुलाच्या हाती सोपवलं. वारसा मुलींकडेही जाऊ शकेल, अशी सवलत घराण्यानं १६२१ मध्येच पवित्र रोमन साम्राज्याच्या बादशहाकडून मिळवून ठेवली होती. बाईंच्या ऑफिसात परक्यांची पत्रं हळूच उघडली जात, असा संशय तेव्हापासूनच आहे. प्रायव्हसी पॉलिसी? ती काय असते?

श्रीमंती आली, आता घराणं नको? मग वंशावळ धुंडाळली आणि मिलानवर एके काळी राज्य करणाऱ्या देल्ला तोर्रे घराण्याशी नातं लावलं. १६५० मध्ये बादशहानं नव्या नावाला मान्यता दिली, तास्सोंचे झाले टुर्न उंड टॅक्सिस. १६९५ मध्ये प्रिन्सची पदवीही पदरात. पुरावा कच्चा, पण पोस्ट पक्की!

पुढे टपालासोबत प्रवासीही वाहिले. १८५२ मध्ये या खासगी कंपनीनं स्वतःची तिकिटं काढली, तीही दोन तऱ्हांची. कारण? उत्तर जर्मनीत एक चलन, दक्षिणेत दुसरं. तिकीट चिकटवण्याआधी आपण कुठं उभे आहोत ते बघायचं!

पण खरी करामत पुढेच. हे खानदान हरतानाही कमवायचं. नेपोलियनच्या धामधुमीत १८०६ मध्ये बादशाही संपली, १८०८ मध्ये बव्हेरियानं टपाल सरकारजमा केलं. रडले? छे! १८१२ मध्ये भरपाईत रेगेन्सबुर्गचा अख्खा मठ पदरात पाडला आणि त्याचा राजवाडा केला. १८६७ मध्ये प्रशियानं उरलंसुरलं टपाल घेतलं, तेव्हा वाजवून घेतले ३० लाख थेलर. हे हस्तांतर पार पाडणारे प्रशियाचे अधिकारी हाइनरिश फॉन स्टेफान यांनी पुढे १८७४ मध्ये जगभरच्या टपालखात्यांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. खानदानाकडून शिकलेला धडा म्हणा हवं तर!

पोस्ट गेली, पोझिशन राहिली. जंगलं, जमिनी, चक्क बिअरची भट्टीसुद्धा! घराण्यातल्या प्रिन्सेस मारी यांच्या दुईनोच्या किल्ल्यात १९१२ मध्ये कवी रिल्केला त्याच्या गाजलेल्या विलापिका सुचू लागल्या. १९८० मध्ये प्रिन्स योहानेसनं लग्न केलं ते वयानं जवळपास ३४ वर्षांनी लहान ग्लोरियाशी. तिच्या धमाल पार्ट्यांमुळे पेपरवाल्यांनी तिचं नाव ठेवलं ‘प्रिन्सेस टीएनटी’. स्फोटकच!

त्यांचा मुलगा आल्बर्ट. १९९० मध्ये वडील गेले आणि अवघ्या आठव्या वर्षी पोरगं फोर्ब्सच्या अब्जाधीशांच्या यादीत! वयाच्या त्या टप्प्यावर आपण गोट्या मोजत होतो. मोठेपणी साहेबांनी रेसिंगचा नाद धरला आणि २०१० मध्ये लॅम्बोर्गिनी हाकत जर्मनीतली जीटी मास्टर्स स्पर्धा जिंकली. रक्तातला वेग हो, दुसरं काय!

वाचून तुम्हालाही पोस्टमास्तर व्हायची हुक्की आली? टेन्शन नाही. या घराण्याच्या नावाचा बोर्ड गेम आहे, शहरं जोडायची आणि टपालाचे मार्ग उभे करायचे. २००६ मध्ये त्याला जर्मनीतला ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हा किताब मिळाला. चौघांत तासाभरात डाव संपतो, तेव्हा येत्या रविवारी पत्ते कपाटात ठेवा आणि घोडे काढा!