नकाशा प्रिंटमध्ये फाटतो, तेव्हा डीपीआय वाढवण्याआधी

थीसिस जमा करायची वेळ आली की डिपार्टमेंटमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "स्क्रीनवर नकाशा मस्त दिसतो, मग प्रिंटमध्ये फाटतो का?" उत्तरही ठरलेलं: "डीपीआय वाढव." मग ३०० चे ६०० होतात, ६०० चे १२००, आणि कधीतरी सॉफ्टवेअर हात वर करतं. हा उपाय कुठे चालतो आणि कुठे नाही, ते क्यूजीआयएसच्या उदाहरणावरून बघू.

आधी कागद, मग डीपीआय

डीपीआय म्हणजे छापील एका इंचात किती ठिपके. त्यामुळे कागदाचा आकार ठरल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. ए४ म्हणजे २९७ × २१० मिमी. ३०० डीपीआयला त्याची इमेज होते ३५०८ × २४८० पिक्सेलची. डीपीआय दुप्पट केला की पिक्सेल चौपट होतात, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट होतात.

आता ए० आकाराचं पोस्टर ६०० डीपीआयला काढा: जवळपास ५६ कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला चार बाइट धरले तर मेमरीत सव्वादोन जीबी. जेपीजी फाइल शेवटी छोटी होते हे खरं, पण इमेज तयार होताना ती आधी पूर्ण मेमरीत मांडावी लागते. 'मेमरी ओव्हरफ्लो'चा मेसेज येतो तो इथे. पोस्टर लांबून वाचलं जातं, त्याला १५० ते २०० डीपीआय सहसा पुरतो.

डेटाचं स्वतःचं रिझोल्यूशन

समजा नकाशा १:१,००,००० स्केलचा आहे. कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवर २५४० मीटर. ३०० डीपीआयला एका पिक्सेलमध्ये सुमारे साडेआठ मीटर जमीन येते. तुमचा उंचीचा डेटा एसआरटीएमचा, म्हणजे साधारण ३० मीटरचा असेल, तर डेटाचा एक चौकोन आधीच साडेतीन पिक्सेल रुंद छापला जातोय. ६०० केलंत तर तोच चौकोन सात पिक्सेलचा होईल, नवीन माहिती काहीच येणार नाही. रस्ते, सीमा, अक्षरं मात्र व्हेक्टर असतात. ती जास्त डीपीआयला खरोखर रेखीव होतात.

बेसमॅपचा घोळ

ऑनलाइन बेसमॅप चौकोनी टाइल्समधून येतो. एक्स्पोर्टचा डीपीआय वाढवला की सॉफ्टवेअर अधिक झूमच्या टाइल्स मागवतं. टाइलवरची गावांची नावं आधीच चित्रात छापलेली असतात, त्यामुळे ती प्रिंटमध्ये मुंगीएवढी होतात. शिवाय टाइल्सची संख्या वाढते, काही वेळेत येत नाहीत, आणि मध्येच पांढरे चौकोन राहतात. नावांसाठी स्वतःचा व्हेक्टर लेअर वापरा. बेसमॅप फक्त संदर्भापुरता असेल तर तो काढूनच टाका.

पीडीएफ काढली, तरी धूसर?

लेअरला ब्लेंड मोड किंवा पारदर्शकता दिलेली असेल तर पीडीएफमध्येही तो भाग चित्र म्हणून जाऊ शकतो. ते इफेक्ट काढून पुन्हा एक्स्पोर्ट करून बघा. फिकट रंगच हवा असेल तर पारदर्शकतेऐवजी थेट फिकट रंग निवडा.

दोष एक्स्पोर्टचा नसतोही

मूळ फाइल उघडून शंभर टक्के झूमला बघा. तिथे नकाशा स्वच्छ असेल तर तो पुढे कुठेतरी बिघडलाय. वर्ड डॉक्युमेंट सेव्ह करताना इमेज कॉम्प्रेस करतं. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला नकाशाही दबतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

क्रम असा ठेवा

१. जर्नल किंवा थीसिसमधली छापील रुंदी विचारून घ्या.
२. लेआउटचं पान तेवढंच करा, मग अक्षरांचा आकार ठरवा.
३. ३०० डीपीआयला एक्स्पोर्ट करून एक पान खरंच छापून बघा.
४. गरज दिसली तरच आकडा वाढवा.

शेवटचा मुद्दा संशोधनाचा. ३० मीटरचा डेटा रिसॅम्पलिंगने गुळगुळीत करून ६०० डीपीआयला छापला, की वाचणाऱ्याला तो बारीक मोजणीचा वाटू शकतो, आणि व्हायवामध्ये त्याच नकाशातल्या एखाद्या छोट्या ओढ्यावर बोट ठेवलं जातं. डीपीआय हा छपाईचा गुण आहे, मोजणीचा नाही. म्हणून नकाशाखाली डेटाचा स्रोत आणि त्याचं रिझोल्यूशन आठवणीने लिहा.