समजून घ्या : गाय गाभडली, ताप मालकाला! ब्रुसेलाचा जंतू शरीरात लपतो कुठे?

दौंड तालुक्यातील राहू बेट म्हणजे ऊस, गुऱ्हाळे आणि घरोघरी दुभती जनावरे. अशा भागात सात महिन्यांची गाभण गाय अचानक गाभडली, वार अडकली, की मालक उघड्या हातानेच ती काढतो. काही आठवड्यांनी त्यालाच ताप येऊ लागतो. रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्या होतात. गोठ्याचा विषय मात्र निघतच नाही.

यामागे ब्रुसेला हा जंतू असू शकतो. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर तो शोधला. तेव्हापासून तो ओळखीचा आहे, पण त्याची लपण्याची पद्धत अजब आहे.

शरीरात शिरलेल्या जंतूला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गिळतात. पेशीत तो एका पिशवीत बंद होतो. मग पाचक रसांची दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. ब्रुसेलाचेही बहुतेक जंतू असेच मरतात. उरलेले थोडे मात्र आतूनच स्वतःची प्रथिने पेशीत सोडतात आणि पिशवीची वाट बदलतात. ती पेशीच्या प्रथिने बनवणाऱ्या भागाला जाऊन चिकटते आणि तिथे जंतू वाढू लागतो. थोडक्यात, पोलिस चौकीतच चोराने बिऱ्हाड थाटले! त्याच्या बाह्य आवरणामुळे धोक्याची घंटाही जोरात वाजत नाही. पुढे हीच पेशी त्याला प्लीहा, यकृत, हाडांपर्यंत नेते. गाभण गाईत तो वारेत प्रचंड वाढतो. म्हणून गाभडलेल्या गाईची वार सर्वांत धोकादायक.

औषध पेशीच्या आत पोहोचावे लागते. त्यामुळे डॉक्टर साधारणपणे डॉक्सीसायक्लिनसोबत रिफाम्पिसिन सहा आठवडे देतात. चार दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या, तर आजार उलटू शकतो. आणि तापासाठी डॉक्टरकडे गेलात तर ‘गाय गाभडली होती’ हे आवर्जून सांगा.

वार, मेलेले वासरू हाताळताना हातमोजे घाला, ते चुना टाकून खोल पुरा. धारोष्ण दुधाने ताकद येते असे कुणी कितीही सांगो, दूध उकळूनच प्या.

माणसासाठी लस नाही. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ती आयुष्यात एकदाच टोचतात. लशीतला जंतू दुबळा असला तरी जिवंत असतो, म्हणून ती गाभण जनावरांना किंवा वळूंना देत नाहीत. टोचताना चुकून सुई हाताला लागली, तर टोचणाऱ्यालाही लगेच डॉक्टरकडे जावे लागते.