विश्लेषण : सोयींनी भरलेली वसाहत कुटुंबाच्या अंगवळणी कधी पडते?

धाराशिव शहरातून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडले, की रानात उभे केलेले प्लॉटिंगचे फलक दिसू लागतात. एनए प्लॉट, रुंद रस्ते, बगीचा, मंदिर, नाना-नानी पार्क, पाण्याची सोय. मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी येणारी कुटुंबे अशा वसाहतींत आयुष्याची पुंजी घालत आहेत. शेत विकून किंवा गृहकर्ज काढून घेतलेला दीड-दोन गुंठ्यांचा हा तुकडा बहुधा पुन्हा बदलता येत नाही. म्हणूनच फलकावरच्या सोयी आणि घरातले रोजचे सुख यांचा संबंध नेमका किती, हे पाहायला हवे. याच जिल्ह्यात तीस वर्षांपूर्वी अख्खीच्या अख्खी गावे आखीव वसाहतींत राहायला गेली होती. प्लॉट बघायला जाताना सहसा कोणाला ती आठवत नाहीत.

शहर कडेने का वाढते आहे?

धाराशिव हे तसे आटोपशीर शहर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या एक लाख १२ हजारांच्या आसपास होती. १९८२ मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला आणि व्यापार-शिक्षणाचा बराच ओघ तिकडे वळला. तरीही जिल्ह्याची कचेरी, न्यायालय, विद्यापीठाचे उपकेंद्र आणि २०२२ पासून सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे नोकरदार आणि विद्यार्थी येत राहिले. जुन्या गावठाणातल्या बोळांत चारचाकी शिरत नाही, वाटण्यांनी वाडे अरुंद झाले. त्यामुळे वस्ती आधी समर्थनगर, तांबरी विभाग अशा भागांत आणि मग सांजा रोडसारख्या रस्त्यांच्या दुतर्फा सरकत गेली. येथे बहुमजली संकुलांचे वेड अजून फारसे नाही. लोकांना अंगण हवे असते, दारात गाडी हवी असते आणि पुढेमागे वर एक मजला चढवता यावा असे वाटते. दोन भावांनी शेजारशेजारचे प्लॉट घेणे, हाही इथला नेहमीचा बेत.

‘ॲमेनिटी’ म्हणजे नेमके काय?

जाहिरातीत ‘ॲमेनिटी’ या शब्दात काहीही बसते, अगदी प्रवेशद्वारावरची कमानसुद्धा. नियमांत मात्र त्याचे अर्थ ठरलेले आहेत. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन करताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. यालाच बोलीभाषेत ‘ओपन स्पेस’ म्हणतात. ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर, तेव्हा एका एकराच्या लेआउटमध्ये साधारण चार गुंठे खुले राहायला हवेत आणि दहा एकरांत एक एकर. मोठ्या रेखांकनात शाळा, दवाखाना, बाजार अशा कामांसाठी सुविधा क्षेत्र वेगळे ठेवावे लागते. ते ओपन स्पेसमध्ये मोजायचे नसते.

ओपन स्पेस ही तिथल्या रहिवाशांसाठी असते. प्लॉट विकून झाल्यावर तिचेच तुकडे पाडून विकता येत नाहीत. पण कागदावरची ही जागा जमिनीवर कुठे आहे, हा खरा प्रश्न. ओढ्याच्या कडेचा, उताराचा, विजेच्या तारांखालचा, ज्याला गिऱ्हाईक मिळणार नाही असा कोपरा ‘बगीचा’ म्हणून दाखवण्याची युक्ती जुनी आहे. चार बाजूंनी घरे असलेले चार गुंठे आणि शेवटच्या कुंपणालगतचे चार गुंठे, क्षेत्रफळ तेच. पहिल्या जागेत सहा वर्षांचे पोर एकटे खेळायला जाऊ शकते, कारण कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसत असते. दुसऱ्या जागेत आई त्याला पाठवत नाही.

शिवाय ज्या जमिनीचे रेखांकनच मंजूर नाही, तिथे या १० टक्क्यांचा प्रश्नच येत नाही. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे करून विकलेल्या अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. दंड-शुल्क भरून घर नियमित होते. न सोडलेले मैदान मात्र त्यातून परत मिळत नाही.

भूकंपानंतरच्या वसाहतींनी काय दाखवले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला भूकंपाने हादरवले. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. या जिल्ह्यात सास्तूर, राजेगाव, होळी ही आज लोहारा तालुक्यात असलेली गावे सर्वाधिक फटका बसलेल्यांपैकी. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर लाकूड-मातीचे वजनदार माळवद, अशी ती घरे होती. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असणारी तीच माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

त्यानंतर जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावे जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवली गेली, पंचवीस हजारांहून अधिक घरे बांधली गेली. घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५० आणि त्याहून मोठ्या खातेदारांना ७५० चौरस फूट. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, सारख्या घरांच्या ओळी, शाळा, समाजमंदिर, ग्रामपंचायत इमारत, पाण्याची टाकी. आजच्या फलकावर जे जे लिहितात, त्यातले बरेच काही या गावांना एकदम मिळाले.

घरे भूकंपाला टिकतील अशी होती, हे मोठेच काम झाले. मात्र ती एका शेतकरी कुटुंबाचा दिवस कसा जातो हे पाहून आखलेली नव्हती. जुन्या घरात रस्त्यावरून आधी ढेळज लागे. तिथे येणारा-जाणारा टेकायचा, म्हातारी माणसे बसायची. आत चौक, ओसरी, धान्याचे बळद, मागे परडे, जनावरांचा गोठा. बायकांना दुपारी निवडण-टिपण करत बोलत बसायला आतला चौक होता. नव्या घराचे दार उघडले की थेट खोली आणि बाहेर पडले की थेट रुंद रस्ता. मधली जागाच नाहीशी झाली. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, ज्वारीची पोती कुठे ठेवायची, याचे उत्तर नकाशात नव्हते.

जमिनीच्या हिशेबाने घरे मिळाल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी आणि भावकी अनेक ठिकाणी वेगवेगळ्या ओळींत गेली. गाव जुन्याच्या काही पट पसरले. किराणा दुकान लांब गेले, पिठाची गिरणी लांब गेली, शेत तर कित्येकांसाठी आणखी लांब. वाहनांसाठी सोयीचे असलेले रस्ते पायी चालणाऱ्या बाईला आणि म्हाताऱ्याला उन्हात भाजून काढत. एवढ्या लांब पसरलेले रस्ते, गटारे आणि जलवाहिन्या सांभाळण्याइतके उत्पन्न ग्रामपंचायतींकडे नव्हते. या भागाचा अभ्यास करणारे वास्तुतज्ज्ञ रोहित जिज्ञासू आणि इतर अभ्यासकांनीही शहरी धाटणीची आखणी आणि ग्रामीण जगणे यांतल्या या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे.

मग कुटुंबांनी काय केले?

लोक रडत बसले नाहीत, त्यांनी वसाहत हळूहळू आपलीशी केली. घरापुढे पत्र्याचे छप्पर काढले, त्याची ओसरी झाली. प्लॉटभोवती भिंत घालून अंगण तयार केले. मागे गोठा आला, पुढे कडुनिंब, शेवगा, बदाम लावला गेला. मुलगा कर्ता झाला तसा २५० चौरस फुटांच्या खोलीला दुसरी खोली जोडली. सरकारी घराचे अर्धे काम असे घरच्यांनीच पुरे केले. ज्यांच्या प्लॉटवर मोकळी जागा शिल्लक होती त्यांना ते जमले. हा तपशील आज प्लॉट घेणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. दीड गुंठ्यावर कडेपर्यंत बांधून काढलेल्या घराला पुढे वाढायला आणि श्वास घ्यायला वाव राहत नाही.

त्याच कार्यक्रमात ज्या दोन हजारांहून अधिक गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तिथे पैसा कुटुंबाच्या हाती हप्त्याने दिला गेला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. मिस्त्रीशी बोलणे, मजबुतीकरणाची कामे नीट होतात का पाहणे, शेजारणींना हप्त्याचा हिशेब समजावणे ही कामे त्यांनी केली. घर कसे हवे, हे तिथे घरात राहणारीला विचारले गेले. नव्या वसाहतीत प्लॉट पाहायला मात्र आजही बहुतेक वेळा पुरुषच जातात, तेही दुचाकीवरून. भाजीचा गाडा इथपर्यंत येतो का, शाळेची बस कुठे थांबते, रात्री आठला दिवे असतात का, हे प्रश्न मग वास्तुशांतीनंतर निघतात.

पाण्याचे गणित कसे मांडायचे?

या जिल्ह्यात पाण्यावाचून कोणतीच सोय पुरी होत नाही. धाराशिव शहराला सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून पाणी आणावे लागते, यावरूनच काय ते समजावे. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याचा केंद्राचा निकष आहे, गटार नसलेल्या ठिकाणी ७० लिटर. पाच माणसांची १०० घरे धरली, तर ७० लिटरनेही रोज ३५ हजार लिटर लागतात. उन्हाळ्यात वसाहतीतली एक विंधन विहीर एवढे देईल का, हे मार्च ते मेदरम्यान शेजारच्या शेतकऱ्याला विचारलेले बरे. पावसाळ्यात दाखवलेला भरलेला बोअर फसवा असतो.

दुसरा मुद्दा हद्दीचा. शहराला खेटून असलेल्या पुष्कळ वसाहती नगरपरिषदेच्या हद्दीत नसून ग्रामपंचायतीच्या हद्दीत असतात. कर थोडा कमी बसतो, पण नळ, घंटागाडी आणि पथदिव्यांसाठी कोणाचे दार ठोठवायचे हे ठरत नाही.

सुख कुठे दिसते?

एवढ्या अडचणी असूनही चांगल्या जमलेल्या वसाहतीतले जगणे गोड असते, हे नाकारता येत नाही. एप्रिलमध्ये गच्च्यांवर कुरडया-पापडांची वाळवणे पडतात आणि चार घरच्या बायका एकीच्या गच्चीवर जमतात. रात्री त्याच गच्चीवर अंथरुणे पडतात. माळवदावर झोपायची सवय सिमेंटच्या स्लॅबवर आली, एवढाच फरक. महालक्ष्म्यांना एकमेकींकडची आरास पाहायला जाणे होते. आश्विनात तुळजापूरला पायी निघालेल्यांना चहा-फराळ देण्यासाठी रस्त्यालगतच्या वसाहतींतली मुले मंडप टाकतात. वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, वसाहत दुपारपर्यंत ओस पडते. ज्यांचे रान आहे ते भज्जी, आंबील, उंडे घेऊन रानात जातात आणि बदलीवर आलेल्या शेजाऱ्यालाही गाडीत बसवून नेतात. शेत विकून प्लॉट घेतलेला माणूस त्या दिवशी कोणाच्या रानात जेवतो, हे त्याच्या शेजारावर ठरते.

यातल्या कशालाही स्केटिंग ट्रॅक लागत नाही. लागतो तो बसायला एक कट्टा, सावलीचे झाड, चालत जाता येईल असे दुकान आणि ओळखीचे चेहरे. सुखसोयी नकोत असे नाही. पण कुलूप लावलेल्या व्यायामशाळेपेक्षा कडुनिंबाखालचा सिमेंटचा बाक जास्त वापरला जातो, हे कोणत्याही वसाहतीत संध्याकाळी जाऊन पाहता येते.

घेण्याआधी काय पाहावे?

मंजूर रेखांकनाची प्रत मागावी आणि ते तात्पुरते आहे की अंतिम, हे विचारावे. रस्ते, गटारे, विजेचे खांब ही कामे झाल्याशिवाय अंतिम मंजुरीची अपेक्षा नसते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा अधिक प्लॉटचा प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असावा लागतो. नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो, आराखडाही तिथे पाहता येतो. तो आराखडा हातात धरून ओपन स्पेसपर्यंत स्वतः चालत जावे. विकासकाची गाडी रविवारी सकाळी नेते. त्याऐवजी आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी सातला, शक्यतो घरातली म्हातारी माणसे आणि मुले बरोबर घेऊन जावे. आधी राहायला आलेल्या दोन घरांत पाणी मागावे, पाण्याविषयी बोलणे आपोआप निघेल.

शेवटचा प्रश्न हस्तांतरणाचा, आणि तोच बहुतेक करारांत मोघम असतो. प्लॉट संपले की विकासक दुसऱ्या रानात जातो. बगीच्याला पाणी घालणारा माणूस त्याच महिन्यात बंद होतो. रस्ते आणि दिवे नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे कधी सोपवले जाणार, तोवरचा खर्च कोण करणार आणि ओपन स्पेसचा ताबा रहिवाशांच्या संस्थेला कोणत्या तारखेला मिळणार, हे खरेदीखताआधी लेखी घेतले, तर पुढची दहा वर्षे चकरा मारण्याचे वाचते. ज्या वसाहतींत पहिल्या वीस-पंचवीस घरांनीच एकत्र येऊन संस्था नोंदवली, महिन्याला थोडी वर्गणी काढली आणि पहिल्याच पावसाळ्यात झाडे लावली, तिथे पाच-सहा वर्षांत रस्त्यावर सावली पडू लागते.