नळी झिजली, आता पुढे?

रायफलची नळी गोळी घासून झिजते, असा सर्वसाधारण समज. खरं तर तिला खाते ती दारू. चेंबर संपून पीळ सुरू होतात तिथे पेटत्या वायूचा पहिला लोळ आदळतो आणि पोलादाला बारीक भेगा पडत जातात. ब्रिटिशांनी हा धडा पैसे मोजून घेतला. ली-मेटफर्ड रायफलचे उथळ पीळ काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेले होते. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि ते पीळ भराभर पुसले जाऊ लागले. म्हणून १८९५ साली पाच खोल खाचांची ली-एनफिल्ड आली. पुढे कॉर्डाइटमधलं नायट्रोग्लिसरिनही ५८ टक्क्यांवरून ३० वर आणावं लागलं.

दुसरं टोक बिघडतं ते साफसफाईत. चिंदी लावलेला पुलथ्रू तिरका ओढला की दोरी नळीच्या तोंडाची कड कापते. एनसीसीतले उस्ताद त्यावरून ओरडतात ते उगाच नाही.

आर्मररने गेज घालून नळी बाद ठरवली की नवी नळी बसवणं हा सरळ मार्ग. पण सगळी रायफलच थकलेली असेल तर तिची रवानगी हलक्या कामावर होते. भारतातल्या .३०३ म्हणजे ली-एनफिल्ड रायफलींनी अशी बहुतेक कामं केली. काहींच्या तोंडावर कप बसवून त्यातून ३६ नंबरचा हातगोळा फेकत. हातगोळ्याला पिळाशी देणंघेणं नाही. धक्का मात्र जबर बसतो. म्हणून लाकडासकट नळीवर तांब्याची तार गच्च गुंडाळून डाख देत, म्हणजे नळी फुटलीच तर तुकडे उडू नयेत. टाकाऊचा इतका चोख उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. काही नळ्या आतून कोरून त्यात .२२ ची बारीक नळी बसवली आणि नेमबाजी शिकवायला स्वस्त काडतूस चालू लागलं.

.४१० मस्कटचा प्रकार मात्र मला कधीच पटला नाही. .३०३ ची नळी कोरून गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी ही बंदूक पोलीस व पहारेकऱ्यांच्या हाती दिली. ती हिसकावली गेली तरी नेहमीचं .३०३ काडतूस तिच्यात चालू नये, ही त्यामागची काळजी. आपल्याच शिपायावर भरवसा नसलेल्या राजवटीला ते शोभलं. स्वातंत्र्यानंतर पोलिसांनी ती वर्षानुवर्षं का वागवावी?

शेवटची पायरी डीपी, म्हणजे ड्रिलपुरती रायफल. परेडच्या मैदानावर अशी एखादी हाती आली तर चेंबरला पाडलेलं भोक पाहा आणि बोल्टच्या मुठीखालच्या धातूवर ठोकलेलं साल वाचा. त्यात काडतूस घालून पाहण्याचा मोह मात्र चुकूनही नको.